आपांची आंघोळ

माझं पडद्यावरचं नाव मी इथे देणार नाही. दिलं तर निम्मे वाचक लेख इथेच सोडून मोबाइल हातात घेतील आणि उरलेले निम्मे घरातली मंडळी बाहेर जायची वाट बघतील. सुनंदा हेही माझं खरं नाव नाही, पण लेखापुरतं चालेल. मी अकरा वर्षं मुंबईत प्रौढांसाठीच्या फिल्म्समध्ये काम केलं. आधी त्या सीडीवर विकल्या जायच्या, मग मोबाइलच्या ॲपवर यायला लागल्या. गेली चार वर्षं मी दुबईत आहे आणि घरोघरी जाऊन आजारी, म्हाताऱ्या बायकांची देखभाल करते. पहिल्या कामाबद्दल लोकांना सगळं ऐकायचं असतं आणि दुसऱ्याबद्दल काहीच नाही. मी मात्र दोन्हींबद्दल एकत्रच सांगणार आहे, कारण दुसरं काम मला पहिल्यानेच शिकवलं.

कुणाला वाटतं तिथे नुसती मजा असते. कुणाला वाटतं नुसते अत्याचार असतात. माझ्या वाट्याला मुख्यतः पाठदुखी आली. शहराबाहेर भाड्याचा बंगला घ्यायचा आणि दोन दिवसांत आख्खी फिल्म उरकायची, अशी पद्धत. आवाज रेकॉर्ड होतो म्हणून एसी बंद, वरून दिव्यांची आग. एकाच अवघडलेल्या स्थितीत अर्धा अर्धा तास थांबायचं, कारण कॅमेरामनला कुठेतरी सावली दिसलेली असते. शेजारच्या बंगल्यात कुकरची शिट्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून. पडद्यावर जे सुस्कारे ऐकू येतात ते बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत, काचेच्या खोलीत एकटीने उभं राहून काढायचे. मी ते अंगात स्वेटर घालून काढले आहेत, कारण तिथला एसी मात्र कायम जोरात असायचा.

माणसंही लोक समजतात तशी नव्हती. माझ्याबरोबर साताऱ्याकडचा एक हिरो बरीच वर्षं काम करायचा. त्याचा सोमवारचा कडक उपवास. सोमवारी तो चुंबन घ्यायचा नाही, बाकी सगळं त्याला चालायचं. आम्ही शूटिंगचं वेळापत्रक त्याप्रमाणे लावायचो आणि कुणी त्याला हसायचं नाही. उपवासाच्या दिवशी तो सगळ्या युनिटसाठी घरचे शेंगदाण्याचे लाडू आणायचा. बायकोला तो कपड्यांच्या कंपनीत मॉडेल आहे एवढंच माहीत होतं.

मी या धंद्यात कशी आले, असं विचारणाऱ्यांची माझ्या उत्तराने निराशा होते. मला कुणी पळवून नेलं नाही. मालिकांमध्ये मी लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या रांगेत, गर्दीतली बाई म्हणून उभी राहायचे. एका ओळखीच्या मेकअपवालीने या कामाबद्दल सांगितलं आणि मी माझ्या पायांनी चालत गेले.

तीन-चार फिल्म्स झाल्यावर मात्र मी नियम घातले. पहिला नियम, प्रत्येक प्रसंगाची आधी पूर्ण कपड्यांत तालीम. कुणाचा हात कधी कुठे जाईल हे नाचाच्या स्टेप्ससारखं मोजून ठरवायचं. दुसरा, तालीम झालेली असली तरी हात लावण्याआधी हळूच विचारायचं. तिसरा, समोरच्याने दोनदा थोपटलं की तिथल्या तिथे थांबायचं आणि कारण विचारायचं नाही. चौथा नियम निर्मात्यांचाच होता. कॅमेरा सुरू झाला की पहिल्यांदा ओळखपत्र गालाशी धरायचं आणि नाव, वय, तारीख सांगून म्हणायचं की मी माझ्या मर्जीने आले आहे, माझ्यावर कुणाचा दबाव नाही, मी नशेत नाही. पुढे पोलिसांची भानगड होऊ नये म्हणून त्यांना ते हवं असायचं. त्याच्यापुढे मी माझं एक वाक्य जोडलं, ‘मला वाटेल तेव्हा मी थांबेन.’ ते त्यांना आवडायचं नाही. मी ते कधी गाळलं नाही.

त्या वाक्याची एकदाच खरी परीक्षा झाली. वैशाली म्हणून तेवीस वर्षांची मुलगी होती, तिचं पहिलंच काम. जेवणाच्या सुट्टीनंतर दिग्दर्शकाने आधी न ठरलेला प्रसंग मध्येच घुसवला. वैशालीने दोनदा थोपटलं. तो म्हणाला, चालू ठेवा. मी बाजूला गाऊन घालून केस विंचरत माझ्या प्रसंगाची वाट बघत बसले होते. खोलीत तीन दिवे होते. मी उठले आणि तिन्हींच्या वायरी एकेक करून भिंतीतून उपटल्या. तुला यापुढे कोण काम देतो बघतो, असं तो म्हणाला आणि त्याने शब्द पाळला. पुढचे चार महिने माझा फोन वाजला नाही. मग नव्या मुलीच सांगायला लागल्या, सुनंदाताई सेटवर असतील तर येतो. त्यानंतर मला पडद्यावरच्या कामाइतकंच नुसतं सेटवर बसायला बोलावणं यायचं. माझ्या सगळ्या कारकिर्दीत अभिमान वाटावा असं काही असेल तर ते हेच.

पंचेचाळिशीला पाठीने साफ नकार दिला. मी रुग्णांच्या देखभालीचा सहा महिन्यांचा कोर्स केला, परीक्षा दिली, आणि जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका एजन्सीने मला दुबईला बोलावलं. अर्जात ‘आधीचा व्यवसाय’ असा रकाना होता. मी ‘अभिनय’ लिहिलं. पुढे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं, आणि ते मला सारखं टोचत राहिलं.

इथे एजन्सी प्रत्येक बाईचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढते. तो बघून घरचे लोक बाई निवडतात. आमचं सगळं बघणारी प्रिया नावाची मुलगी आहे, आईवडील पुण्याचे, ती जन्मापासून दुबईतली. तिने मोबाइल स्टँडवर लावला आणि म्हणाली, “आंटी, जस्ट इंट्रोड्यूस युअरसेल्फ, ओके? रोलिंग.”

तो शेवटचा शब्द ऐकला आणि माझा हात आपोआप वर गेला. एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, गालाशी धरलं. नाव सांगितलं, वय सांगितलं, तारीख सांगितली. मग एका दमात हिंदीतून म्हणून टाकलं की मी माझ्या मर्जीने आले आहे, माझ्यावर कुणाचा दबाव नाही, मी नशेत नाही, आणि मला वाटेल तेव्हा मी थांबेन. अकरा वर्षांची सवय. शेवटच्या शब्दाला भान आलं आणि मानेवर घाम फुटला. प्रिया पोट धरून हसत होती. “आंटी, धिस इज नॉट इमिग्रेशन!” मीही हसले. दुसऱ्या वेळी शहाण्यासारखं बोलले, की मला स्वयंपाक येतो, मी प्रेमळ आहे, इंजेक्शन देता येतं. पण प्रियाच्या घाईत पुढे गेला तो पहिलाच व्हिडिओ.

तो बघितला आपांनी. आपा मूळच्या रत्नागिरीकडच्या, वय अठ्ठ्याहत्तर, दुबईतच ऊद मेथाला मुलाकडे राहणाऱ्या. मुलगा रियाजभाई जहाजांना लागणाऱ्या सामानाचा व्यापार करतो. आईला तोही आपाच म्हणतो, म्हणून मीही म्हणायला लागले. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, आणि त्यानंतर सहा आठवडे त्यांनी कुणालाही अंगाला पाणी लावू दिलं नव्हतं. सुनेलाही नाही. आधीच्या दोन बायकांना त्यांनी ओरडून घालवून दिलं होतं. पडून पडून माकडहाडावर जखम झाली होती आणि ती खोल गेली तर पुन्हा हॉस्पिटल, या वयात ते झेपेल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रियाजभाईंनी पाच जणींचे व्हिडिओ दाखवले. आपांनी माझ्यावर बोट ठेवलं. कारण मला पुढे त्यांनीच सांगितलं. बाकीच्या सगळ्या मी अशी आणि मी तशी म्हणत होत्या. ही एकटी म्हणाली की वाटेल तेव्हा मी थांबेन. “म्हटलं, हिला थांबणं म्हणजे काय ते ठाऊक असेल.”

पहिल्या दिवशी मी त्यांना न्हाणीघरात नेलं ते पूर्ण कपड्यांत. पलंगावरून खुर्चीवर कसं यायचं, आधी कुठला पाय, मी कुठे धरणार, सगळं करून दाखवलं आणि परत आणून पलंगावर निजवलं.

“पाणी कुठाय गो?” त्यांनी विचारलं.

“पाणी उद्या. आज नुसती तालीम.”

दुसऱ्या दिवशी अंगावर मोठी चादर ठेवली आणि चादरीखालून एकेक भाग धुतला. एक हात उघडायचा, धुवायचा, पुसायचा, झाकायचा, मग दुसरा. प्रत्येक वेळी आधी विचारायचं. नको वाटलं तर माझ्या दंडावर दोनदा थोपटा, असं सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी त्यांनी अकरा वेळा थोपटलं आणि मी अकरा वेळा थांबले. पाठ तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी चारदा थोपटलं. पाचव्या दिवशी एकदाही नाही, आणि पाठीला साबण लागला तेव्हा त्या मोठ्याने सुस्कारा सोडून म्हणाल्या की त्यांच्या अम्मीनंतर त्यांची पाठ कुणी घासली नव्हती.

जखम भरायला दोन महिने लागले. ड्रेसिंगला येणाऱ्या नर्सने विचारलं, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, कोर्समध्ये. कोर्समध्ये आम्ही प्लास्टिकच्या बाहुलीला आंघोळ घातली होती आणि बाहुलीला लाज नसते. मला तेव्हा खरं सांगावंसं वाटलं होतं आणि मी गिळलं.

आठव्या महिन्यात रियाजभाईंचा मेहुणा मुंबईहून आला. मी दिवाणखान्यात आपांना आधार देऊन चालवत होते. त्याने सलाम केला, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याची नजर तिथेच राहिली. ही नजर आमच्या धंद्यातल्या सगळ्या बायका ओळखतात. आधी चेहऱ्यावर थांबते, मग कपाळाला आठी पडते, मग माणूस खिशातला मोबाइल चाचपतो आणि काढत नाही. “आपको कहीं देखा है,” तो म्हणाला. मी म्हटलं, असेल.

संध्याकाळी मी बसने घरी गेले. मी दुबईच्या कडेला इंटरनॅशनल सिटीत दोघींबरोबर एका खोलीत राहते. त्यातली माया नेपाळची, माझ्याच एजन्सीत आहे, आणि तिला सगळं माहीत आहे. तिने साधा उपाय सांगितला. “मत बोल दीदी. बोलना कोई और होगी. खलास.” उपाय चुकीचा नव्हता. चेहऱ्याशी चेहरा जुळतो असं म्हणून हसत राहिलं तर बऱ्याचदा निभावतं. पण खोटे आविर्भाव मी अकरा वर्षं पगार घेऊन केले होते, आता फुकट करायची माझी तयारी नव्हती. आणि आपांना हे त्या मेहुण्याच्या तोंडून, त्याच्या मोबाइलवर कळलं असतं, तर आठ महिन्यांत मी जे काही कमावलं होतं ते एका मिनिटात त्याच्या हातात गेलं असतं. नोकरी गेली तर जाऊ दे, व्हिसा गेला तर परत जाऊ, पण सांगायचं ते मीच सांगायचं, असं मी पक्कं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रियाजभाई स्वयंपाकघरात उभ्याने चहा घेत होते. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

“सुनंदाताई, तुम्ही आपांना उभं केलंत, मैं भूलूंगा नहीं,” ते म्हणाले. “पण घर में फॅमिली है, लोगों का आना-जाना है. आप समझती हैं ना?”

मी समजते म्हणाले. खरंच समजत होतं, आणि तरी वाईट वाटलं. आजच्या आज दुसरी बाई बघू, आपांना सांगू तुमच्या गावाकडे इमर्जन्सी आली, असं ते म्हणाले. माझ्या भल्यासाठीच म्हणत होते.

मी म्हटलं, “जायला मी तयार आहे. पण खोटं कारण सांगून नाही. मी आपांना खरं सांगेन आणि मग जाईन. ऐकायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.”

ते माझ्या मागोमाग आले आणि खोलीच्या दारात उभे राहिले. आपा पलंगावर तसबी, म्हणजे जपाची माळ, घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, एक गोष्ट सांगायची आहे, चांगली नाही, नको असेल तर सांगत नाही. त्या म्हणाल्या, सांग. मी सांगितलं. शब्द मुद्दाम साधे वापरले, झाकपाक केली नाही.

“कपड्यांशिवाय?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“पुरुषाबरोबर? लोकांनी बघायला?”

“हो.”

“तौबा,” त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून कुशीवर आडव्या झाल्या.

हे होणार हे मला माहीत होतं. तरी जे झालं ते सोसवेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. माझी पर्स खुर्चीवर होती ती मी उचलली. त्यांची औषधं कुठल्या डब्यात आहेत, पाठीला कुठलं मलम लावायचं, ते रियाजभाईंना सांगायला लागले.

“थांब,” आपा भिंतीकडे बघतच म्हणाल्या. “हे तुझं सगळं, आधी तालीम करायची, विचारून हात लावायचा, हे तिथलं?”

“हो, आपा.”

“तुला कोणी शिकवलं?”

“कुणी नाही. मीच नियम केले.”

“का?”

हा प्रश्न मला सेटवरच्या मुलींनी पुष्कळदा विचारला होता. कामाला शिस्त हवी म्हणून, असं मी त्यांना सांगायचे. वैशालीलाही तेच सांगितलं. घरी एक बहीण आहे, तिला तर मी या कामाबद्दलच काही सांगितलं नव्हतं. आपांना तेच उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि ते देता आलं नाही.

“पहिल्या दिवशी मला कुणी विचारलं नव्हतं,” मी म्हटलं. “ठरलं होतं एक आणि केलं दुसरंच. मी थांबा म्हणाले. कुणी थांबलं नाही, कॅमेराही नाही. ती फिल्म अजून आहे. लोक बघतात.”

रियाजभाईंनी मान खाली घातली. आपा वळायला लागल्या. नव्या खुब्याने एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर यायला त्यांना खूप वेळ लागतो, आणि एरवी तिथे मी हात देते. त्या दिवशी हात द्यायचा मला हक्क आहे की नाही ते कळेना, म्हणून मी नुसती उभी राहिले. त्या आपल्या आपण वळल्या, धाप लागली, आणि माझ्याकडे नीट बघितलं. त्यांचेही डोळे भरले होते.

“वझू आता मी माझी करत जाईन,” त्या म्हणाल्या. नमाजाआधी हातपाय धुवायला आजवर मी मदत करायचे. “ते पाणी तू नको देऊस. वाईट वाटून घेऊ नको.”

मला वाईट वाटलं, आणि मी तसं सांगितलंही. त्यांनी मान हलवली. मग मी हो म्हटलं. त्यांना जेवढं नको, तेवढं नको. मी दुसरं काही म्हणूच शकत नव्हते.

त्यांनी तसबी उशाखाली ठेवली, डोक्यावरची ओढणी काढून माझ्या हातात दिली आणि दारात उभ्या असलेल्या मुलाला म्हणाल्या, “रियाज, दार ओढून घे. आमची आंघोळ व्हायचीय.”